देहपुरीचे न मोजलेले द्वार

देहाला नगर मानून देही पुरुषाला त्या नगरात नांदणारा स्वामी म्हणण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. गीतेच्या पाचव्या अध्यायात या नगराची द्वारे नऊ सांगितली आहेत, कठोपनिषदात नाभी आणि ब्रह्मरंध्र यांची भर पडून ती अकरा झाली आहेत. आणि पिढ्यान्‌पिढ्या प्रवचनकारांनी ही द्वारे श्रोत्यांपुढे एकेक करून मोजून दाखविली आहेत. परंतु मांडी जेथे पोटाला मिळते त्या जांघेच्या घडीच्या किंचित वर, उजवीकडे आणि डावीकडे, एकेक वाट अशी आहे की तिची नोंद यांपैकी कोणत्याच मोजणीत नाही. प्रौढ माणसात ही वाट सुमारे ४ सेंटिमीटर लांबीची असून पोटाच्या भिंतीतून तिरकी उतरते. तिचे एक मुख आत, दुसरे बाहेर. पुरुषात तिच्यातून शुक्रवाहिनी, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांची एकत्र बांधलेली रज्जू वृषणाकडे जाते. स्त्रीत गर्भाशयाला धरून ठेवणारा एक बंध जातो. याच वाटेने, किंवा तिच्या मागच्या भिंतीच्या विरलेल्या भागातून, आतड्याचा एखादा वेढा अथवा आतड्यावर पसरलेल्या चरबीच्या पडद्याचा पदर पुढे सरकला की जांघेत फुगवटा दिसू लागतो. उभे राहून खोकले की तो वाढतो, उताणे निजले की बहुधा नाहीसा होतो. यालाच आपण अंतर्गळ म्हणतो; दवाखान्यात त्याला हर्निया म्हणतात.

हा विकार विरळ नाही. दर ४ पुरुषांपैकी साधारण एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होतो. स्त्रियांत त्याचे प्रमाण शंभरात ३ च्या आसपास आहे. इतक्या सार्वत्रिक दुखण्याविषयी धर्मचिंतन करणाऱ्या माणसाने काही विचार करावा, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. कारण येथे जो प्रश्न उभा राहतो तो साथीच्या तापाच्या वेळी उभा राहत नाही. साथ बाहेरून येते, अपघात बाहेरून होतो, आणि त्यांचा दोष जगाच्या माथी मारता येतो. अंतर्गळाची वाट मात्र बाहेरून कोणी पाडलेली नसते. ती गर्भावस्थेतच देहाच्या बांधणीत राहिलेली असते. देह ही जर ईश्वराची कृती असेल, तर ही उणीव कोणाची? देणाऱ्याची, की घेणाऱ्याच्या पूर्वकर्माची? आणि शस्त्राने ती दुरुस्त करणे हा ईश्वरी व्यवस्थेतील हस्तक्षेप समजावा, की त्याच व्यवस्थेतील एका कलमाची अंमलबजावणी?

उत्तराकडे जाण्यापूर्वी ही वाट पडते कशी, ते पाहणे अगत्याचे आहे. पुरुषगर्भाचे वृषण प्रथम पोटाच्या मागच्या भिंतीपाशी, मूत्रपिंडांच्या निकट घडतात आणि तेथून हळूहळू खाली सरकत, सातव्या महिन्याच्या सुमारास, जांघेतील या तिरक्या मार्गाने बाहेर उतरून आपल्या कायमच्या जागी जातात. त्यांच्याबरोबर उदराच्या अस्तराची एक बारीक नळीसारखी पिशवी खाली ओढली जाते. सामान्यतः ही पिशवी जन्माच्या आगेमागे मिटून जाते. पण कित्येकांत ती मिटत नाही, कित्येकांत अर्धीच मिटते, आणि उघड्या राहिलेल्या त्या वाटेने तान्ह्या वयात किंवा पुढे चाळिशी-पन्नाशीत आतडे उतरते. उजव्या बाजूचे वृषण डाव्याच्या मागून उतरते म्हणून उजवीकडचा अंतर्गळ अधिक आढळतो, आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकांना तो अधिक होतो, कारण मिटण्याचे काम पुरे होण्याआधीच ती जन्माला आलेली असतात. मोठेपणी होणारा दुसरा प्रकार असा की वाटेची मागची भिंतच वयाने, जुनाट खोकल्याने, तंबाखूच्या धुराने, शौचाच्या किंवा लघवीच्या वेळी रोज द्यावा लागणाऱ्या जोराने, आणि पुष्कळदा केवळ वंशपरंपरेने आलेल्या तंतूंच्या दुबळेपणाने, विरळ होत जाते. मनुष्य दोन पायांवर उभा राहतो, त्यामुळे पोटाचा भार दिवसभर याच खालच्या भागावर येतो, ही गोष्टही येथे विसरता येत नाही.

मग वृषण उतरतातच कशासाठी? शुक्रबीज तयार होण्यास शरीराच्या आतील उष्णतेपेक्षा दोन-तीन अंशांनी कमी उष्णता लागते, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण आहे आणि मनुष्यापुरते ते खरेही आहे. परंतु हत्तीकडे पाहिले म्हणजे विचार पुन्हा गतिमान होतो. हत्तीचे वृषण कधीच उतरत नाहीत. ते जन्मभर पोटात मूत्रपिंडांजवळच राहतात आणि तरीही त्याचा वंश चालतो. याचा अर्थ असा की ही वाट न ठेवताही सृष्टीचे काम चालू शकते, आणि चाललेले आहे. मनुष्याला मिळालेली रचना ही अनेक संभाव्य रचनांपैकी एक आहे. तिचे लाभ आहेत आणि त्या लाभांचे मोल तिच्याच अंगाला चिकटलेले आहे. ज्या मार्गाने वंशसातत्याची तरतूद झाली त्याच मार्गाने आतडे उतरण्याची शक्यता शिल्लक राहिली. सर्व आरंभांना दोषाचे वेष्टन असतेच, असा जो विचार गीतेच्या अखेरच्या अध्यायात येतो, तो आपण कर्मांच्या संदर्भात वाचतो. मला तो गर्भाच्या आरंभालाही लागू वाटतो. निर्दोष देह ही कल्पना देवळातील मूर्तीसाठी ठीक आहे. जिवंत देह हा गरजांच्या परस्पर तडजोडीतून उभा राहिलेला असतो, आणि ज्याने तो निर्माण केला त्याने तडजोडीसकट तो निर्माण केला, असे मानण्यात ईश्वराचा अवमान आहे असे मला वाटत नाही.

आपल्या आणि इतरांच्याही धर्मपरंपरेने मात्र नेहमी असे मानलेले नाही, हे स्पष्टपणे कबूल केले पाहिजे. जेरोमच्या लॅटिन बायबलात, लेवीय ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात, वेदीजवळ जाऊन नैवेद्य अर्पण करण्यास जे पुरोहित अपात्र ठरविले आहेत त्यांच्या यादीत अंतर्गळाचा रोगीही आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीतून वगळावयाच्या ब्राह्मणांमध्ये क्षयी, कोडाचा आणि हत्तीपायाचा रोगी यांची गणना आहे. देहाची अखंडता आणि धार्मिक पात्रता यांची ही सांगड जगात सर्वत्र आढळते. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात समर्थांनी आध्यात्मिक तापाचे निरूपण करताना देहाच्या व्यथांची जी लांबलचक गणती केली आहे, तीत खरूज, नारू, देवी, गोवर अशी अगदी घरोघरची दुखणी आहेत, आणि देह, इंद्रिये व प्राण यांच्या योगाने होणारे दुःख ते आध्यात्मिक, अशी तेथील व्याख्याही किती नेमकी आहे. तथापि समासाच्या शेवटी समर्थांनीही या तापाचे मूळ पूर्वपापाकडे नेले आहे. इतक्या करड्या नजरेने देहाकडे पाहणाऱ्या पुरुषाने तेथे येऊन थांबावे, याचे मला वाईट वाटते आणि ते मी आदर राखूनच लिहितो.

आजाराचे मूळ स्वतःच्या दोषात शोधण्याच्या या विचाराचे सर्वांत प्रांजळ उदाहरण आपल्याला पुण्यातच सापडते. येरवड्याच्या तुरुंगात असताना महात्मा गांधींना आंत्रपुच्छाचा दाह झाला आणि १२ जानेवारी १९२४ च्या रात्री ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले आणि कंदिलाच्या उजेडात ती पुरी करावी लागली. ज्यांनी १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये इस्पितळांना पापाच्या प्रसाराची साधने म्हटले होते, त्यांनी आपला देह इंग्रज सर्जनाच्या स्वाधीन केला, याबद्दल साहजिकच त्यांना विचारणा झाली. त्यावर त्यांनी जे लिहिले त्याचा आशय असा की तो आजार माझ्या मनाच्या दौर्बल्याचे फळ होता आणि शस्त्रक्रियेला मान्यता देणे हे आणखी एक दौर्बल्य होते. स्वतःला इतक्या निर्दयपणे तपासणाऱ्या माणसापुढे मस्तक नम्र होते. पण त्या प्रांजळपणामुळे निदान खरे ठरत नाही. आंत्रपुच्छाचा दाह संयमी माणसाला होतो आणि असंयमीलाही होतो. जांघेतील पिशवी मिटायची राहिली तर ती सत्यवचनी माणसाचीही राहते. महात्म्याने स्वतःपुरता काढलेला निष्कर्ष सामान्य माणसाच्या घरात उतरतो तेव्हा त्याचे रूप फार वेगळे होते. तेथे तो आत्मपरीक्षण राहत नाही. जांघेसारख्या जागेचे दुखणे म्हटले की बदफैलीची कुजबूज सुरू होते, आणि रोग्याच्या डोक्यावर रोगाबरोबर आरोपही बसतो.

आपल्या वैद्यकाच्या मूळ ग्रंथांनी येथे जो विवेक दाखविला आहे, तो पाहिल्यावर माझे मन स्वस्थ होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वृद्धीचे, म्हणजे वृषणाच्या पिशवीच्या सुजेचे, सात प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील शेवटचा आंत्रवृद्धी हा आहे. त्याची कारणे कोणती? जड ओझे उचलणे, आपल्याहून बलवान मल्लाशी झुंजणे, झाडावरून पडणे, अतिश्रम करणे. या श्रमांनी कोपलेला वायू आतड्याचा भाग खाली नेऊन जांघेच्या सांध्यात गाठीसारखा ठेवतो, उपेक्षा केली तर तो पुढे वृषणाच्या पिशवीत उतरतो, आणि दाबला असता आवाज करीत वर जातो, सोडला असता पुन्हा फुगतो. रोग्याच्या जांघेवर हात ठेवून, कान देऊन, कोणीतरी हे पाहिलेले आहे यात शंका नाही. या वर्णनात पापाचा उल्लेख नाही. आणि तो नसणे हे अनवधान नव्हे. कारण कुष्ठाच्या निदानात हेच आचार्य पापकर्माचा निर्देश करतात, चरकही करतो. म्हणजे पापाचे कलम त्यांच्या हाताशी होते, आणि आंत्रवृद्धीच्या कैफियतीत त्यांनी ते लावले नाही. त्यांच्यासमोर ओझे वाहणारा माणूस होता आणि त्याच्या पाठीवरचे ओझे त्यांना दिसत होते. आजचे वैद्यक ओझ्याला एवढे महत्त्व देत नाही. मूळ दुबळेपणा आधीचा, ओझे तो उघडा पाडते, असे ते मानते. तरी कारण देहात आणि श्रमात शोधायचे, चारित्र्यात नाही, ही दिशा तीच आहे.

उपचाराबाबतही सुश्रुताने मर्यादा आखून दिली आहे. गाठ जांघेतच असेल तर अर्धचंद्राकार मुखाच्या तप्त शलाकेने तेथे डाग द्यावा, म्हणजे मार्ग अडेल. आतडे वृषणकोशात उतरले असेल तर तो रोगी वर्ज्य समजावा. मार्ग अडविणे हे उपचाराचे सूत्र त्याने बरोबर ओळखले होते. ते अमलात आणण्याची साधने मात्र यायची होती.

कर्मवादी यावर म्हणेल की ओझे हे निमित्त, मूळ कारण पूर्वजन्मीचे. या युक्तिवादाला उत्तर देता येत नाही, आणि हाच त्याचा दुबळेपणा आहे; जे प्रत्येक घटनेला सारखेच लागू पडते त्यावरून पुढे काय करावे याचा बोध होत नाही. चरकाने विमानस्थानात हा मामला अधिक जबाबदारीने हाताळला आहे. पूर्वदेहात केलेले कर्म ते दैव आणि या देहात केलेले ते पुरुषकार अशी वाटणी करून तो म्हणतो की दुर्बल दैवाला पुरुषकार मागे सारू शकतो आणि दुर्बल पुरुषकाराला दैव. दोन्ही बलवान असतील तर आयुष्य दीर्घ होते. सर्वच आयुष्य ठरलेले असते तर औषधाला, पथ्याला आणि सापाला पाहून बाजूला होण्यालाही अर्थ उरला नसता, हा त्याचा रोख आहे. या दृष्टीने पाहिले म्हणजे कसूर कोणाची, हा प्रश्न मागे पडतो आणि आता करावयाचे काम कोणाच्या वाट्याला आले आहे, हा पुढे येतो. तीन महिन्यांच्या बालकाच्या जांघेत रडताना फुगवटा दिसला, तर त्या बालकाच्या पूर्वजन्माची चौकशी करीत बसणारा बाप आणि त्याच आठवड्यात त्याला सर्जनकडे नेणारा बाप, यांपैकी धर्म कोणी आचरला, याबद्दल मला तिळमात्र संदेह नाही. तान्ह्या मुलांत हे काम तातडीचे असते, कारण त्यांच्यात आतडे अडकण्याचा धोका अधिक. आणि सोपेही असते, कारण भिंत शाबूत असते, उघडी राहिलेली पिशवी मुळाशी बांधून टाकली की पुरते.

आमचे एक चुलत आजोबा होते. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणत. तालुक्याच्या बाजारात मापाडी म्हणून उमेद घालविलेली, आषाढीची वारी न चुकणारी, बोलणे कमी. रात्रीचे जेवण झाले की ते ओसरीवरच्या बाजेवर उताणे पडत, गुडघे उभे करीत, डोळे मिटीत आणि एक हात धोतराच्या निऱ्यांखाली ठेवून बराच वेळ तसेच असत. ओठ हलत असत, म्हणून घरची मंडळी समजत की आप्पांचे नामस्मरण चालले आहे. ते चाललेलेही असेल. पण त्याच वेळी हाताने ते दिवसभर उतरलेले आतडे आत लोटीत असत, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. एके वर्षी भाद्रपदात रात्री ते आत जाईना. गाठ दगडासारखी कठीण झाली, वांत्या सुरू झाल्या, पोट फुगले, वारा सरेना. पहाटे जिल्ह्याच्या गावी नेले तेव्हा तेथील सर्जनांनी विचारले, “आप्पा, हे कधीपासून?” आप्पा म्हणाले, “धाकटा शाळंत जात व्हता तवापासून.” धाकटा तेव्हा दोन मुलांचा बाप होऊन त्यांच्या उशाशी उभा होता. का नाही सांगितलेत, असे विचारल्यावर ते म्हणाले, “देवानं दिलेलं भोगूनच सरायचं असतंय.”

सर्जनांनी नंतर आम्हांला जे सांगितले ते माझ्या स्मरणात पक्के आहे. वाटेच्या मुखाशी आवळला गेलेला आतड्याचा वेढा त्यांनी मोकळा केला तेव्हा तो जांभळाकाळा पडला होता. तो कापून टाकायचा की ठेवायचा, याचा निर्णय डोळ्यांनी करावयाचा असतो. त्यांनी कोमट मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या घड्या त्यावर ठेवल्या आणि हात आवरून ते थांबले. काही मिनिटांनी घडी उचलली तेव्हा कडेने लाली येऊ लागली होती. आणखी थोड्या वेळाने वेढ्यावरून एक हलकी लाट सरकली. मग त्यांनी तो आत घालून वाट बंद केली. आणखी काही तास गेले असते तर आतडे सडले असते.

आप्पांचे वाक्य मी टाकाऊ समजत नाही. भोग हा शब्द उच्चारताना त्यांनी तक्रार न करण्याची जी तालीम स्वतःला दिली होती तिच्यात मोठी शक्ती होती. परंतु प्रारब्ध भोगून संपवायचे म्हणजे उपाय नाकारायचा, हा निष्कर्ष कोणत्या शास्त्रातून निघतो? शरीर जर प्रारब्धाने आले असेल तर ते बरे करणारा वैद्य, त्याच्या गावापर्यंत जाणारा रस्ता आणि घरच्या माणसांची माया, ही सर्व त्याच प्रारब्धाच्या हिशेबात धरावी लागतील. दुःख तेवढे ईश्वरदत्त आणि निवारण तेवढे परभारे आलेले, ही वाटणी पक्षपाताची आहे. चरकाने माणसाच्या तीन एषणांत, म्हणजे मूलभूत इच्छांत, प्राणैषणेला पहिले स्थान दिले आहे, धनाला त्यानंतर, परलोकाला शेवटी. आणि कारण दिले आहे की प्राण गेले तर सर्वच गेले. आप्पांना वाचविण्यास खरी हरकत शास्त्राची नव्हतीच, संकोचाची होती, आणि त्या संकोचाला त्यांनी शास्त्राचे वस्त्र पांघरले होते. म्हणून हे येथे उघड लिहितो: जांघेतील फुगवटा नेहमीप्रमाणे आत जाईनासा झाला, कठीण आणि दुखरा झाला, त्यावरची कातडी लाल झाली, ओकाऱ्या येऊ लागल्या किंवा वारा व शौच बंद झाले, तर तास मोजण्याची वेळ आलेली असते, घरी चोळून, शेकून, जोराने दाबून आत घालण्याचा खटाटोप करू नये आणि थेट इस्पितळ गाठावे. स्त्रियांच्या बाबतीत तर फुगवटा दिसताच दाखवावे, कारण त्यांच्यात जांघेच्या घडीखालून उतरणारा दुसरा एक प्रकार पुरुषांपेक्षा अधिक आढळतो आणि तो फार लवकर अडकतो. कमरेला आवळून बांधायचे पट्टे पूर्वी सर्रास दिले जात. ते फुगवटा दाबून धरतात, वाट बंद करीत नाहीत.

वाट खऱ्या अर्थाने बंद करण्याची विद्या अवघी सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे. मध्ययुगीन युरोपात गावोगाव फिरणारे अंतर्गळ कापणारे लोक होते आणि ते पुष्कळदा त्या बाजूचे वृषणच काढून टाकीत. एदोआर्दो बास्सिनी या इटालियन सर्जनाने ही अवस्था पालटली. १८६६ मध्ये वैद्यकाची पदवी घेतलेला हा तरुण पुढच्याच वर्षी गारिबाल्डीच्या पक्षाकडून साधा सैनिक म्हणून लढावयास गेला आणि रोमजवळच्या व्हिला ग्लोरीच्या चकमकीत संगिनीचा वार त्याच्या जांघेत बसला. जखमेतून मळ वाहू लागला. महिनोन्‌महिने तो कैदेत आणि खाटेवर होता. ज्या जागी स्वतः भोगले त्याच जागेच्या रचनेचा त्याने पुढे ध्यास घेतला आणि १८८४ मध्ये पादुआ येथे नवी शस्त्रक्रिया सुरू केली: वाटेची मागची भिंत पूर्ण उघडायची, पिशवी उंच बांधून कापायची, आणि स्नायूंचे थर खालच्या बळकट बंधाला शिवून भिंत नव्याने उभी करायची, रज्जूला जाण्यापुरती जागा ठेवून. १८८९ मध्ये त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या रोग्यांचा पुढे कित्येक वर्षे पाठपुरावा करून यशापयशाची नोंद ठेवणे, हा त्याच्या कामाचा भाग होता. शरीरावर झालेला आघात काहींना कडवट करतो. त्या माणसाने त्यातून इतरांसाठी दुरुस्ती शोधली. पुरुषकाराला याहून स्पष्ट दाखला मला माहीत नाही.

त्या पद्धतीतही एक अडचण राहिली. दूर असलेले थर ओढून शिवले की टाक्यांवर ताण येतो, आणि विरलेल्या धोतराची चीर ताणून शिवली असता ती शिवणीच्या शेजारीच पुन्हा फाटते, तसे येथेही होई. टोरांटोच्या शोल्डाइस यांनी थरावर थर शिवून हा ताण वाटून घेतला. अमेरिकेत फ्रान्सिस अशर यांनी १९५८ च्या सुमारास प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी आणली, आणि १९८० नंतरच्या दशकात लॉस एंजेलिसच्या लिख्टेनस्टाइन यांनी थर मुळीच न ओढता जाळीचा तुकडा भिंतीवर बसविण्याची पद्धत रूढ केली. आज बहुतेक ठिकाणी हेच होते: जांघेजवळ छोटा छेद, तोही पुष्कळदा जागेपुरती भूल देऊन, पांढरा चकचकीत पडदा उघडून रज्जू अलगद बाजूला धरायची, तेथून जाणारे बारीक मज्जातंतू जपायचे, पिशवी आत सारायची, जाळी बसवायची. दुर्बिणीने पोटाच्या आतल्या बाजूने जाळी लावण्याची पद्धतही आता सुस्थिर झाली आहे. रोगी बहुधा त्याच दिवशी चालू लागतो. काही जणांना जागेवर दीर्घकाळ दुखत राहते, ही गोष्ट त्याला आधीच सांगितली पाहिजे.

जाळी परकी आहे, ती देवाने दिलेल्या देहात कशी ठेवावी, असा प्रश्न एका श्रद्धाळू गृहस्थांनी मला विचारला होता आणि तो मला रास्त वाटला. काही महिन्यांत देहाचे स्वतःचे तंतू जाळीच्या छिद्रांतून वाढतात आणि तिला आपल्या भिंतीत सामावून घेतात; मग तेथे परके कोणते आणि आपले कोणते, हे सर्जनालाही सहज वेगळे करता येत नाही. अन्नही परकेच असते. ज्याला हे पटत नाही त्यालाही मार्ग आहे: पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीशिवाय, पोटाच्या बाह्य स्नायूच्या पडद्याचीच एक पट्टी काढून मागची भिंत बांधण्याची पद्धत विकसित केली आणि २००१ पासून ती जगापुढे मांडली. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी दुसराच प्रश्न हाती घेतला. विकतची जाळी गरिबाला परवडत नाही, हे पाहून त्यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि २००३ मध्ये आपला बहुकेंद्री अनुभव प्रसिद्ध केला. पुढे युगांडात ३०० च्या वर पुरुषांवर रीतसर तुलना झाली. २०१६ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले, त्यांत वर्षभरानंतर मच्छरदाणीच्या गटात एकाच रोग्याचा अंतर्गळ उलटला होता आणि महागड्या जाळीच्या गटात एकाचाही नाही, म्हणजे फरक नाममात्र. खानदेशातल्या एका लहान गावी सुचलेला विचार आफ्रिकेतील दरिद्री माणसाच्या कामी आला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

शस्त्र चालविणे जसे पुरुषकारात येते तसे ते न चालविणेही येऊ शकते. त्रास नसलेल्या किंवा अत्यल्प असलेल्या सुमारे ७२० पुरुषांची पाहणी उत्तर अमेरिकेत झाली, तिचा वृत्तांत २००६ मध्ये आला. त्यांपैकी ज्यांना शस्त्रक्रियेविना थांबण्याच्या गटात ठेवले होते, त्यांच्यात आतडे अचानक अडकण्याचे प्रमाण वर्षाला हजारी २ हूनही कमी निघाले. मात्र दहा वर्षांच्या आत त्यांतील दोनतृतीयांशांनी, मुख्यतः वेदना वाढल्यामुळे, शस्त्रक्रिया करून घेतली. धोक्याच्या खुणा माहीत असलेल्या, इस्पितळाच्या टप्प्यात राहणाऱ्या वृद्धाने डॉक्टरांच्या सल्ल्याने वाट पाहिली तर ते आप्पांच्या मौनासारखे नव्हे. त्याने दैवाला नजरेखाली ठेवलेले असते. पाठीवर पोती वाहून पोट भरणाऱ्याला ही मुभा फारशी नसते, आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे जड ओझे उचलू नका, हे वाक्य त्याच्यासाठी तितक्या दिवसांच्या मजुरीचा प्रश्न होऊन येते. त्याच्या बाबतीत पुरुषकार त्याच्या एकट्याचा असून भागत नाही. अडत्याचा, पंचायतीचा आणि सरकारचाही लागतो. महाराष्ट्राच्या १९६९ च्या माथाडी कायद्याने नोंदलेल्या हमालांना रजेच्या पगाराची आणि औषधोपचाराची तरतूद करून दिली; नोंदीबाहेर राहिलेला हमाल मात्र जांघेचे टाके ओले असतानाच पुन्हा पोत्याखाली पाठ देतो.